उधारी

बापाच्या खड्ड्यात एक माणूस आडवा पडला होता.
हात छातीवर,
चपला काठावर जोडून ठेवलेल्या.
"नोबिला तापसोबा माझे तीनशे फ्रँक बुडवून पळतोय,"
तो खालून ओरडत होता,
"आधी पैसे, मग माती!
आणि त्याचं पोट यात मावायचं नाही,
मी झोपून माप घेतलंय."

पेटी खांद्यावर घेतलेले सहाजण हसले.
पेटी हलली.
आत माझा बाप होता.

मी ल्योंहून दोन विमानं आणि एक बस बदलून आलो होतो,
काळा कोट उन्हात पाठीला चिकटलेला.
अकरा वर्षं मी त्या शहरात काढली,
जिथे कँटीनमध्ये कुणी माझ्या नावाची ओढाताण केली
की मी काटा खाली ठेवतो
आणि टेबल म्हणतं, अरे, गंमत केली,
हल्ली तुम्हा लोकांशी बोलायची सोयच राहिली नाही.
ती गंमत माझ्या घशात आहे अजून,
माशाच्या हाडासारखी.

म्हणून ओरडलो.
फ्रेंचमध्ये, जास्त लागावं म्हणून.
"बाहेर निघा. लाज नाही वाटत?"

बार्तेलेमी तोए उठला.
सामो माणूस, याकोच्या नाक्यावर सायकली दुरुस्त करणारा.
तांबडी माती झटकली,
चपला घातल्या, डावी उजव्या पायात,
आणि गेला.

मग काहीच झालं नाही.
पेटी उतरली. माती पडली.
कुणी हसलं नाही, आणि रडायलाही
कुणाला जमेना.
एक गिनी कोंबडी मध्येच कर्कश ओरडली, तेवढंच.

रात्री आई शेंगा सोलत बसली होती.
"त्याची बायको गेली तेव्हा तुझ्या बापानं काय केलं, ठाऊक आहे?
तिचाच झगा घालून दारात बसला.
म्हणाला, ही माझ्याबरोबर पळून येणार होती, आता मी कुणाचं तोंड बघू?
बार्तेलेमी हसायला लागला
आणि हसता हसता त्याला रडू फुटलं.
दोन दिवसांनी पहिल्यांदा जेवला.
आपण मोसी, ते सामो.
आपण त्यांना कुत्र्याचं डोकं खाणारे म्हणायचं,
त्यांनी आपल्याला गुलाम.
रागवायचं नसतं. रागावलं की दंड."
"कुणी ठरवलं?"
"ज्यांना भांडून मरायचं नव्हतं त्यांनी."

मी तिला कँटीनबद्दल सांगितलं.
आधी कँटीन म्हणजे काय ते सांगावं लागलं.
"तो माणूस तुझ्या घरच्या मयताला येईल?"
"नाही."
"तू त्याला उलट बोलू शकतोस?"
"नोकरी जाईल."
आईनं एक किडका दाणा अंधारात भिरकावला.
"मग ती कसली थट्टा?
तुझ्या बापाचा खड्डा
बार्तेलेमीनं पहाटे तीनपासून एकट्यानं खणलाय."

सकाळी मी नाक्यावर गेलो.
वाटभर शिवी घोकत होतो.
तो उलट्या सायकलीमागे बसला होता, हात काळे.
मी म्हणालो, कुत्र्याची डोकी संपली म्हणून
माझ्या बापाचं अंथरूण चोरायला आला होतास काय?
मोरे भाषा मोडकी झालेली; क्रियापद चुकलं.

तो बघत राहिला.
इतका वेळ, की मला वाटलं
आता खरंच लागलं याला.
मग त्यानं माझं क्रियापद दुरुस्त केलं
आणि हात पुढे केला.
"तीनशे. व्याजासकट चारशे."
मी नाणी दिली.
त्यानं एक चावून पाहिलं.
"खोटं. बापासारखंच."

तिथे, चेन उतरलेल्या सायकलीशेजारी,
मला एकदाचं रडू आलं.
तो पंक्चर काढत राहिला,
मध्येच म्हणाला, पाणी वाया घालवू नकोस,
ट्यूब तपासायची आहे.

सोमवारी कँटीनमध्ये
मी काटा पुन्हा खाली ठेवीन.
त्यात बदल नाही.

निघताना बार्तेलेमी म्हणाला,
"माझ्या मयताला ये.
आणि जरा बरी शिवी पाठ करून ये,
लोक नावं ठेवतील."