पारडी बदलून

पहिल्या शंभर डावांत
माझ्या इंजिनानं चनवीरच्या इंजिनाला
एकसष्ट-एकोणचाळीस असं लोळवलं,
तेव्हा शहापुरातल्या माझ्या दुकानात
मी दोन प्लेट कुंदा मागवला.
त्यानं कुंद्याला हात लावला नाही.
टेबलाखाली वाकला, डबा उघडला, टॉर्च मारली.
"तुझ्याला आठ कोर. माझ्याला दोन.
हा बुद्धिबळाचा निकाल न्हवं बा,
हे तुझ्या दुकानाचं बिल आहे."

मग बुडालेल्या पतसंस्थेच्या लिलावात
दोन जुळे संगणक मिळाले,
एकाच वर्षाचे, लागोपाठच्या नंबरांचे,
एकावर अजून चिकटलेली चिठ्ठी:
ठेवी स्वीकारणे बंद.
तेवढीच मेमरी, तेवढाच वेळ,
आणि प्रत्येक सुरुवात दोनदा:
एकदा पांढरी त्याच्याकडे,
एकदा माझ्याकडे.

डाव चालू असताना आपल्याला काहीच काम नसतं.
म्हणून त्याला अण्णांचं सांगितलं.
काचेच्या पेटीतला त्यांचा काटा.
गिऱ्हाईक घरचं असो की नवखं,
एकदा तोलून झालं
की सोनं उचलून वजनांच्या पारड्यात,
वजनं सोन्याच्या.
"काट्याचा एक हात लांब असतोच," म्हणायचे,
"किती, ते बदलल्याशिवाय कळत नाही."

दोनशे डावांनंतर आम्हीही बदललं:
माझं इंजिन त्याच्या डब्यात,
त्याचं माझ्या.
आणि कळलं,
पश्चिमेच्या भिंतीकडचा डबा
चारनंतर तापतो, मंदावतो.
जो तिथं बसेल तो संध्याकाळी
हत्ती फुकट देऊन मोकळा.
दोन दिवस आम्ही ह्यालाच
माझ्या इंजिनाची धाडसी शैली समजत होतो.

खिडकीला ओलं पोतं लावलं.
पुन्हा पहिल्यापासून.

तीनशे सातव्या डावात वीज गेली.
वहीत लिहिलं: रद्द.
दोघांनाही वाटलं, आपण जिंकत होतो.

हजार डाव. पाचशे चार, चारशे शहाण्णव.
चनवीरनं आकडेमोड केली:
एवढ्या डावांत वीस-बावीसचा फरक
नुसत्या नशिबानंही पडतो.
माझ्या आठांना त्यात
उभं राहायलाही जागा नव्हती.
"मग भारी कोण?" चहाच्या पोरानं विचारलं.
"माहीत नाही." "गोत्तिल्ल."
दोघं एकदम बोललो,
पोराला दोन्ही कळलं.

शाळा आमची एकच इमारत.
सकाळी त्यांची भरायची, दुपारी आमची.
फळ्यावर त्यांचं अर्धवट पुसलेलं प्रमेय असायचं,
आकृती तीच,
अक्षरं तेवढी गोल.
आम्ही ते पुरतं पुसून
तेच पुन्हा काढायचो.
मी बोर्डात सत्तावीस मार्कांनी पुढं होतो.
अण्णांनी तेव्हा पेढे वाटले,
आणि काटा
पेटीतच राहिला.
त्याची सकाळ मला,
माझी दुपार त्याला देऊन
ती गणितं कुणी पुन्हा घातली नाहीत.
आता घालता येत नाहीत.

रात्री दुकान बंद करताना
दोन्ही डब्यांचे पंखे ऐकू येतात.
एकाच कारखान्यातले,
तरी एक जरा वरच्या सुरात.
मी म्हटलं, डावीकडचा.
तो म्हणाला, उजवीकडचा.
मग उठला, वायरी काढल्या,
दोन्ही डबे छातीशी धरून
इकडचा तिकडं, तिकडचा इकडं ठेवला,
आणि शटर अर्धं खाली असतानाच
स्टुलावर बसत म्हणाला,
"नोडोण."