उशिराची हजेरी

मालक मला अशोक म्हणतो.
आशेर म्हणताना त्याची जीभ अडखळते,
आणि दोन वर्षांत मीही कधी दुरुस्त केलं नाही.
शरणपूरहून मोहाडी, स्प्लेंडरवर पाऊण तास;
डिसेंबरात हँडलवर आपलीच बोटं सापडत नाहीत.
बागेत माझं काम एवढंच:
कोण आलं, किती वाजता, किती ओळी.
वहीत पूर्ण, वहीत अर्धा, वहीत पाव.

लहानपणी रविवारच्या शाळेत
शांतवन सर द्राक्षमळ्याची गोष्ट सांगायचे.
सकाळी आलेल्यांना एक नाणं,
दुपारी आलेल्यांना एक नाणं,
दिवस बुडताना आलेल्यांनाही तेच.
मी हात वर केला: सर, हे चुकीचं आहे.
वर्ग हसला. सर हसले नाहीत.
म्हणाले, बरोबर आहे तुझं. सांभाळून ठेव हा राग.
आठ वर्षांचा होतो, गणितात पैकीच्या पैकी.
देवाला माझ्यापेक्षा कमी हिशेब येतो
ही गोष्ट मी बरीच वर्षं मनात मिरवली.

काल आगमनकाळाचा तिसरा रविवार.
आई देवळात, मी थिनिंगच्या ओळीत.
(मणी विरळ केले की घड मोकळा श्वास घेतो,
अर्धेअधिक खाली पडतात,
आणि यावर कुणी उपदेश करू नये.)

तीन वाजता बांधावरून ती आली.
दोन पायांत दोन जोडांतल्या चपला,
फडक्यात डबा, कात्री स्वतःची.
नाव? देवली गावित. गाव? सुरगाण्याकडं.
आणि आत्ता? तीन वाजता?
"सकाळधरनं नाक्यावर उभीच व्हते, दादा.
कोन्ही नेलाच नाय."

हे वाक्य मला पाठ होतं.
गोष्टीत ते येतंच,
पण मी दर वेळी त्यावरून उडी मारून
नाण्यांपाशी पोचायचो.
मला वाटायचं, उशिरा येणारे म्हणजे झोपून राहिलेले.
नाक्यावरचं ऊन मी कधी वाचलंच नव्हतं,
की टेंपोत आधी चढवलेल्या तरण्या पोरी,
की तिच्या पांढऱ्या केसांवरून
सरळ पुढे गेलेली मुकादमाची नजर.

संध्याकाळी वहीत लिहिलं: तीन ते सहा, पाव.
खोटं लिहवेना.
खोटी साक्ष देऊ नये, हेही त्याच वर्गात शिकलो होतो.
मालकाचे शंभर तिच्या हातावर ठेवले,
वर माझ्या खिशातले तीनशे.
नव्या चांदणीसाठी होते.

लंकाबाईंनी पाहिलं.
"आठपासून वाकलोय आम्ही.
हिला पण तेवढंच? हा कुठला न्याय?"
त्या गोष्टीतल्या धन्याचं उत्तर मला येत होतं,
ओठांपर्यंत आलंही.
पण तो धनी होता, मळा त्याचा होता.
मी अशोक. वही लिहिणारा.
आणि लंकाबाईंच्या डोळ्यांत
हात वर केलेला एक मुलगा उभा होता.
म्हटलं, बरोबर आहे तुमचं, मावशी.
त्या अजून बोलत नाहीत माझ्याशी.

निघताना देवलीला सांगितलं, उद्या लवकर ये.
ती हसली.
"लवकरच तं येते मी."

घरी आई स्टुलावर चढून
मागच्या वर्षीच्या चांदणीला चिकटपट्टी लावत होती.
एक टोक लोंबतच राहिलं.
आतला बल्ब लागला मात्र.

आज सकाळी साडेसहाला
नाक्यावर गाडी थांबवली.
धुक्यात ती दिसली, डबा, कात्री.
माझ्या मागे सीट एकच.
आणि तिच्याबरोबर
चौदा जणी उभ्या होत्या.