शाईवाली

नेमणुकीच्या कागदावर खाली ठळक होतं:
गैरहजर राहिल्यास गुन्हा दाखल होईल.
म्हणून आदल्या दुपारीच जतहून आले सांगलीत,
मार्केट यार्डामागच्या शाळेत,
खोली क्रमांक तीन.
रात्री बाकं जोडून झोपले.
भिंतीवर पुराची रेघ होती,
माझ्या उशीपासून हातभर वर.

माझं काम दोन नंबरचं.
सही घ्यायची, चिठ्ठी द्यायची,
आणि डाव्या हाताच्या तर्जनीवर शाई ओढायची,
नखावरून खाली कातडीपर्यंत.

दहाच्या सुमाराला हळदीच्या गोदामातल्या बायका आल्या,
एकाच टेम्पोतून, कुणाच्या ते विचारलं नाही.
मनगटापर्यंत पिवळ्या.
शाई बसेना बोटावर, फुटायची, घरंगळायची.
पुसा जरा, म्हटलं.
मालन कांबळेनं पदराला बोट घासलं, पदरही पिवळाच.
"बाई, माझं लगीन रोज लागतंय," म्हणाली,
"ही हळद काय उतरत नाही, तुझी शाई टिकती का बघ."
रांग हसली. मागची शमशाद मुजावर तर
सही करताना हसत होती,
तिची सही रेघ सोडून खाली गेली.

दुपारी शुकशुकाट.
खाडे सरांनी भडंगाची पुडी सोडली आणि विषय काढला.
सक्ती पाहिजे.
नाही आला की पाचशे दंड, लाईटच्या बिलात लावून.
कोपऱ्यातला एजंट शेंगदाणे वेचत होता.
"पाचशे दंड लावला तर, सर,
आमचा रेट वाढेल की हो.
आतापर्यंत नुसतं मताचं द्यायला लागायचं,
मग न येणाऱ्याचंही भरायला लागंल."
शिपायानं तोंड फिरवलं.
मी बाटलीचं टोपण घट्ट लावलं.
मला कोणी विचारलं नाही.
मी बारा नंबरचा अर्ज भरला होता,
माझी मतपत्रिका यायची होती.
कुठल्या टेबलावर राहिली कोण जाणे.
यायची सक्ती झालेली त्या खोलीत मीच एक,
आणि मत नसलेलीही मीच.

चारच्या पुढं भूपाल उगारे आले.
कधीकाळी अडतीत दिवाणजी असावेत,
सही तशी होती, वेलांटीवर वेळ घेणारी.
बोट पुढं केलं. शाई लागली. चिठ्ठी घेतली.
आणि पुठ्ठ्याच्या आडोशाजवळ जाऊन थांबले.
"मी देणार नाही."

सगळेच एजंट एकदम उठले.
खाडे सर म्हणाले, काका, शेवटचं बटण आहे की,
कोणीच नको असं.
"ते पण बटणच की, साहेब."
मग आलात कशाला एवढ्या उन्हातनं?
म्हातारबा थोडा वेळ त्या पुठ्ठ्याकडं बघत राहिले.
"घरात बसलो असतो तर झोपला असंल म्हणाला असता.
जागा होता, असं लिवा तुमच्या वहीत."

सरांनी पुस्तिका काढली, चष्मा काढला, परत घातला.
नियम होता.
नोंदवहीत त्यांच्या नावापुढं लिहिलं:
मत न देता परत.
जागा होता, हे लिहायला रकाना नव्हता.
उगारेंनी खाली दुसरी सही केली,
पहिलीइतकीच सावकाश,
आणि चप्पल सरळ करून घालून गेले.
"असल्यांसाठीच कायदा पाहिजे," सर म्हणाले.
आलेले होतेच ते, असं माझ्या तोंडावर आलं.
पण रांगेत दोघंजण उभे होते.

रात्री यंत्रं जमा केली, लाखेचा वास हाताला.
पेट्या मोजून होईस्तोवर दीड वाजला.
पहाटेची पहिली जत गाडी.
मी खिडकीजवळ.
कंडक्टरनं माझ्या उजव्या हाताकडं पाहिलं,
पाची बोटं काळी, अंगठ्यासकट.
"मॅडम, तुम्ही तर पाच-पाच मतं दिली वाटतं!"
हो म्हटलं,
एक अर्धं द्या, जत.
डावा हात पर्सखाली होता,
तो काही मी काढला नाही.