अळणी

फिलोमेना नर्सने दंडाला पट्टा आवळला,
फुगा दाबला फुसफुस,
काट्याकडे बघितलं आणि पुन्हा एकदा दाबला.
वरचा एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचा एकशे चार.
"मीठ तोडायचं, सेन्योर बेल्मिरो."

मला हसूच आलं.
नवव्या वर्षापासून आवेइरोच्या खाजणात
लाकडी दाताळं ओढतोय मी.
टाचांच्या भेगांत मीठ, भुवयांत मीठ,
बापाला पुरताना त्याच्या कोटाच्या खिशात
मीच टाकलं होतं मूठभर.
लोक खाल्ल्या मिठाला जागतात,
मी पिकवलेल्याला जागलो.
आता म्हातारपणी बेइमान होऊ?

पण आदेलिनो आठवला.
दोन वाफे पलीकडचा माझा सोबती,
ओठाच्या एका कडेने सूप गळतं त्याचं.
माझं नाव घ्यायला
त्याला आता अख्खी दुपार लागते.

घरी येऊन देओलिंदाला सांगितलं.
ती काही बोलली नाही.
बरणी उचलून सर्वांत वरच्या फळीवर ठेवली,
लग्नातल्या, कधीच न वापरलेल्या बशांशेजारी.

खारवलेला कॉड, आमचा बाकाल्याऊ,
एरवी रात्रभर भिजायचा.
आता तीन दिवस भिजतो,
सकाळ-संध्याकाळ पाणी बदलून.
मी बसून बघत राहतो:
फळीसारखा ताठ मासा
हळूहळू सैल पडतो,
हट्ट सोडतो पाण्यात.
"तुझंही असंच करायचंय," ती म्हणाली.

पहिले पंधरा दिवस ते जेवण नव्हतं, शिक्षा होती.
सूप म्हणजे कढत पाण्यात बुडून मेलेली कोबीची पानं.
लसूण, लिंबू, कोथिंबीर येऊन बसायचे,
घरमालक बाहेर गेलेला असताना
आलेल्या पाहुण्यांसारखे, अवघडून.
एकदा कामावरून येताना
चोरून अंगठा चाटला मी.
हो, चाटला.

मग एका मंगळवारी टोमॅटो कापला,
नुसताच तोंडात टाकला आणि थांबलो.
गोड. मागून आंबट.
त्याच्याही मागे काहीतरी हिरवं, देठाजवळचं.
अडुसष्ट वर्षं हा कुठे दडला होता?

वाइनचा दुसरा पेला उपडा पडून असतो हल्ली.
संध्याकाळी बांधावरून चालतो,
आधी पहिल्या झडपेपर्यंत, धापा टाकत,
मग पडक्या कोठारापर्यंत,
मग जिथे रोहित पक्षी चिखलात तोंड खुपसून असतात
तिथवर.

मुलाने लक्झेंबर्गहून यंत्र पाठवलं.
एका रविवारी, गंमत म्हणून,
देओलिंदाच्या दंडाला लावलं.
एकशे ब्याऐंशी.
यंत्र बिघडलं म्हणालो. माझ्या दंडाला लावलं: बरोबर होतं.
पुन्हा तिच्या: एकशे पंच्याऐंशी.

"तुला कधी काही जाणवलं नाही?"
"डोकं दुखायचं. भांडी घासताना थांबायचं."

चाळीस वर्षं हीच तर
डावातला थेंब तळहातावर घेऊन
माझ्यासाठी मीठ चाखत आली.
मी म्हणायचो, अजून थोडं.
ती घालायची. पुन्हा चाखायची.
मी म्हणायचो, अजून.

सोमवारी फिलोमेनाकडे आता दोघं जातो.
गोळ्यांच्या डबीला दोन रांगा आहेत,
माझी निळ्या झाकणांची.
बांधावर ती माझ्यापुढे चालते.
मी दमलो की थांबते, वळून मात्र बघत नाही.
माझा एकशे बेचाळीसवर आलाय,
तिचा अडून बसलाय, तिच्यासारखाच.

ऑगस्टात मीठ चांगलं धरलं.
बांधावर पांढरे ढीग लागले,
व्यापारी आले, पोती भरून गेले.
घरी एक चिमूटही आणली नाही.
जखमेवर चोळायलाही नाही, मी म्हणालो.
ती हसली नाही.

काल सूप मी केलं.
कोबी जास्त शिजला, बटाटे कच्चे राहिले.
देओलिंदाने एक घोट घेतला,
डोळे मिटले, म्हणाली,
"अळणी आहे,"
आणि वाटी पुढे केली,
अजून वाढ म्हणून.