हद्द कायम

अर्ज साधा होता: हद्द कायम करून मिळणे.
गट नंबर दोनशे चौदा, खातेदार दोन,
सुपडू आणि भटू, एकाच आजोबांचे नातू,
चार बोटं जमिनीवरून सात वर्षं
साक्रीच्या कोर्टात.

मी मशीन उभं केलं त्या काळ्या भिंतीवर
जी दोघांच्या मधून जाते, पांझरेच्या पात्रात बुडते,
पलीकडे पुन्हा निघते आणि टेकड्यांपर्यंत सरळ,
कुणी ओळंबा धरून रचल्यासारखी.
गावात म्हणतात, राक्षसाने एका रात्रीत बांधली,
कोंबडा आरवला म्हणून दार राहून गेलं.

"कोनी बांधी ही?" सुपडू आजोबांनी विचारलं,
माझी परीक्षा घेतल्यासारखं.

कुणी नाही, आजोबा. ही भेग आहे.
भिंत नव्हे, भरलेली भेग.
साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हे शिवार
पार खाली, दक्षिणेच्या समुद्रात होतं.
जमीन ताणली गेली, टाचेसारखी उलली,
आतला रस वर चढला आणि भेगेतच थिजला.
आजूबाजूचं मऊ होतं ते पावसांनी नेलं.
भेग तेवढी उभी राहिली.

"मंग ती आठे कशी उनी?"

चालत.
अजून चालते. ईशान्येला, वर्षाला तीन बोटं.

भटूने झटकन मान वर केली.
बोटांचा हिशोब त्या बांधावर जपून बोलावा लागतो.

मग मी सांगितलं ते कचेरीच्या भाषेत,
मला दुसरी नीट येत नाही:
समुद्राच्या तळाचाही सातबारा असतो.
अरबी समुद्रात खूप आत, पाण्याखाली एक डोंगररांग,
तिच्या माथ्यावर फट. तिथे नवी नोंद होते,
आधी लाल, मग काळी, मग गार,
आणि दोन्हीकडे सरकत राहते
मागून येणाऱ्याला जागा देत.
दुसऱ्या टोकाला, अंदमानच्या बाजूला,
जुना तळ वाकतो, स्वतःच्याच वजनाने खाली जातो.
तिथे नाव कमी होतं.
वीस कोटी वर्षांहून जुना खातेदार
त्या दप्तरात क्वचितच सापडतो.
जाताना तो पाणी नेतो, गाळ, शिंपल्यांचा चुना.
त्या पाण्याने वरचा तापलेला खडक पाझरू लागतो
आणि एखाद्या बेटावर धूर होऊन
वारस हजर.

उत्तरेला मात्र दोन्ही पक्ष हलके,
कुणीच खाली जायला तयार नाही.
म्हणून हिमालय.

"कोर्टात गेलेले दिसतात," खुंटी ठोकता ठोकता लोटन म्हणाला.

आजोबा हसले नाहीत.
बऱ्याच वेळाने म्हणाले, माझ्याआधी तिघं गेले.
मी झालो तेव्हा मायनं मला सुपात घातलं,
दारावरच्या बोहारणीला देऊन टाकलं
आणि मूठभर बाजरीला परत विकत घेतलं.
म्हणून सुपडू.
"धरतीनं बी तसंच शे का?"

मी उत्तर दिलं नाही. मशीन उपग्रह शोधत होतं.

"पंच्याहत्तर वरीसमा किती व्हयनं मंग?"
पावणेचार मीटर, आजोबा.
"म्हंजे पाच पावलं."

ते भिंतीवरून उतरले, एकेका दगडाला हात देत,
माझ्याकडे पाहून नैर्ऋत्य विचारली,
आणि मोजून पाच पावलं चालले,
जिथे मायनं सूप ठेवलं होतं त्या जागेकडे मागे,
थेट भटूच्या कांद्याच्या वाफ्यात.

भटूने तोंड उघडलं. मिटलं.
"दादा," तो म्हणाला, सात वर्षांत पहिल्यांदा दादा,
"रोप तुडाई ऱ्हायनं."

आजोबा हलले नाहीत.
मी तारीख टाकली, सवयीने वेळही,
आणि पंचांच्या सह्या घ्यायला निघाले.