दुखत नाही तोवर

रणोलीच्या फाटकापलीकडे, कारखान्याच्या दवाखान्यात
मी अठरा वर्षं काढली.
पहिल्या दिवशी पारसनीस साहेब म्हणाले,
इथे काचेची बाटली चालत नाही, सिस्टर,
हे आम्ल काच खातं.
मी म्हटलं, पितळेत ताक कळकतं, तसं?
ते हसले नाहीत.

सल्फ्युरिक दारातूनच शिव्या देत येतं.
माणूस ओरडतो, नळाखाली पळतो,
निदान कळतं तरी.
फ्लोरिनचं हे पोर पाहुण्यासारखं येतं,
चपला बाहेर काढून.
कातडीला म्हणतं, तुझ्याकडे माझं काम नाही,
आणि आत जाऊन
हाडांशी चुन्याचा हिशेब मांडून बसतं.

पलीकडे प्लेटिंगच्या शेडमध्ये सायनाइड.
त्याला कडू बदामाचा वास येतो म्हणतात,
पण काहींच्या नाकाला तो जन्मात येत नाही.
माझं नाक त्यातलं आहे का,
हे एकदाच तपासता येतं.
तेव्हापासून मी नाकाचं ऐकत नाही,
छपरावरची वाऱ्याची पिशवी कुठे वळली ते बघते.

रणजीत पढियार दुपारी चार वाजता
दवाखान्यावरून गेला, हात खिशात.
काय झालं? विचारलं.
कंई नथी, बेन.
घरी गेला, सेव-उसळ खाल्ली, झोपला.

रात्री साडेअकराला भावाच्या मोटारसायकलवर परत.
दोन बोटं पांढरी, मेणासारखी,
वर आईनं लावलेली हळद आणि तूप.
हळद धुतली. बराच वेळ धुतली.
रबरी हातमोज्यात कॅल्शियमचं मलम भरलं,
त्याचा हात आत घातला
आणि बाहेरून चोळत राहिले.
सुई द्या, बेन, बधिर करा, तो म्हणत होता.
नाही देता येत, बाबा.
दुखणं हेच इथलं मोजमाप.
ते कमी झालं की समजायचं,
चुना पोचला.

गाडीला यायला पाऊण तास. फाटक बंद, मालगाडी लांबलचक.
तेवढ्यात तो बोलला.
लाइनवर नव्हतं झालं काही.
जेवणाच्या सुट्टीत स्टोअरमागे बसून
काचेच्या पेल्यावर नाव कोरत होता.
हंसा. वैशाखात लग्न.
हातमोज्याला टाचणीएवढं भोक होतं,
ते त्याला दिसलं नाही, आम्लाला दिसलं.

सयाजीत त्याला अकरा दिवस ठेवलं.
बोटं राहिली. एक नख उगवलं ते वाकडं,
नांगरल्यासारखं.

अपघाताच्या वहीत मी लिहिलं:
हातमोजा, छिद्र.
पेला लिहिला नाही.
पारसनीस साहेबांनी दोनदा वाचलं, सही केली,
आणि दुसऱ्या दिवशी
स्टोअरमागच्या दाराला नवं कुलूप दिसलं.
आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही.

पत्रिका द्यायला आला तेव्हा
पेला माझ्या टेबलावर ठेवून गेला.
घरी नको म्हणाला, आई विचारते.
गुजराती अक्षरं, शेवटचा काना राहिलेला,
त्यामुळे वाचायला नुसता हंस.
त्यात मी पेनं ठेवते. पाणी प्यायचं धाडस झालं नाही.

कधी दुपारी पाळी बदलताना, भोंगा व्हायच्या आधी,
त्या खोबणीवरून बोट फिरवते.
गुळगुळीत. थंड.
काही दुखत नाही.
म्हणून उठते
आणि हात धुऊन येते.