वेळ आधी लिहायची

चार वाजून बारा मिनिटं.
शहाद्याचं मैदान, सामन्याचा उत्तरार्ध.
दिवाली पावराचं डोकं समोरचीच्या गुडघ्यावर आपटलं
आणि ती लगेच उठली,
माती झटकत, हसत.

हसणं मी नोंदवहीत लिहीत नाही.

आत्ताची चढाई कोणाची होती, दिवाली?
माझीच.
तिची नव्हती.
तीन शब्द दिले होते, विहीर, कंदील, ताक.
वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावले,
ती ऑक्टोबरपाशी घुटमळली.
मग शब्द परत मागितले.
विहीर सापडली तिला,
बाकीचे दोन तिथेच मातीत कुठेतरी.

भामरे सर म्हणाले, पाच मिनिटं उरलीत.
म्हणाले, जिंकलो तर प्रमाणपत्र,
प्रमाणपत्र असलं तर पोलीसभरतीत खेळाडूची जागा,
बेडसे मॅडम, पोरीचं आयुष्य अडवताय तुम्ही.
दोरीपलीकडून कोणी ओरडलं,
"उठनी ना ती! काय व्हयनं तिले?"

माझ्या पेनात निळी शाई असते.
खाडाखोड चालत नाही.
चुकलं तर एकच सरळ रेघ,
रेघेखालचं वाचता आलं पाहिजे,
शेजारी सही.

माझी एक चूक अजून वाचता येते.

भुसावळ, मे महिना, दहा किलोमीटरची शर्यत.
कल्पेश भंगाळे झिंगल्यासारखा रस्त्याकडेला गेला नि बसला.
कातडी तव्यासारखी, बोलणं भलतंच,
मला आई म्हणाला.
"पटकन टाका गाडीमा," ड्रायव्हर म्हणाला,
आणि मी टाकलं.
फाटक बंद.
मालगाडीचे अठ्ठावन्न डबे मी मोजले,
मोजण्यावाचून हातांना काम नव्हतं.
आणि मागे, तो बसला होता तिथून वीस पावलांवर,
केळीच्या बागेत
हौद होता,
काठोकाठ.

आधी थंड करा, मग हलवा.
परीक्षेत हे मी लिहिलं होतं.
पूर्ण गुण मिळाले होते.

कल्पेश वाचला. आता धावत नाही.
चौकशीला बसलेल्या साहेबांनी आवाज चढवला नाही,
एवढंच विचारलं,
कितीला पडला, कितीला हलवलं?
मला डबे सांगता आले.

चार सोळा. खेळाडू मैदानाबाहेर, पुन्हा आत नाही. सही.
दोन गुणांनी हरलो आम्ही.

डॉक्टरांनी तपासलं, रात्रभर लक्ष ठेवा म्हणाले.
धडगावहून शेवटच्या गाडीनं तिचा बाप आला, नुरला पावरा.
मराठी कागद नुसता पुढे सरकवला असता
तरी चाललं असतं. चालतंच.
मी कँटीनमधला तोरणमाळचा पोरगा बसवला मधे,
त्याच्या तोंडून एकेक पोचवलं:
उलटी झाली, हाकेला उठेना झाली,
एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली,
तर उजाडायची वाट बघायची नाही.
नुरला बराच वेळ ऐकत राहिला, मग काही बोलला.
पोरगा म्हणाला, ते विचारतात,
भोपळा वरून फुटला तर दिसतो,
आतून नासला तर?
मी म्हणाले, म्हणून तर विचारत राहायचं.

शाईचा पॅड मी आधीच उघडून ठेवला होता.
त्यानं तो बाजूला सारला,
खिशातून पेन काढलं
आणि सावकाश, पूर्ण नावानं सही केली.
हे मात्र मी विचारलं नव्हतं.

सहावा दिवस. वीस मिनिटं चालली, डोकं दुखलं नाही.
नववा. संथ धावणं.
दहावा. दुखलं. एक पायरी मागे.
डॉक्टरांच्या कागदाशिवाय अंगाला अंग लावायचं नाही,
हे तिला तोंडी सांगितलं, लिहूनही दिलं.

आज माझं बोट तिच्या डोळ्यांपुढून
डावीकडून उजवीकडे नेलं.
नजर बोटावर होती तिची, माझ्यावर नव्हती.
आणि न विचारताच, दात आवळून ती म्हणाली,
विहीर. कंदील. ताक.

शेऱ्यात मी लिहिलं, चिडचिड आहे.
ही लक्षणांतली चिडचिड
की माझ्यावरचा राग,
रकाना एकच आहे.